उत्तर अथाबास्कन समाजांत सरसकट मातृसत्ता नाही

अलास्का आणि वायव्य कॅनडातील अथाबास्कन भाषिक शिकारी जमातींमध्ये सगळीकडे मातृसत्ता असून तिथे स्त्रियांचेच राज्य चालते, असा मजकूर समाजमाध्यमांवर फिरत आहे. पश्चिमेकडील काही जमातींचे वर्णन, तेही वाढवून, साऱ्यांना चिकटवलेले दिसते.

यूकॉनमधील टचोनी समाजाचे लांडगा आणि कावळा असे दोन भाग आहेत. मूल आईच्या भागात गणले जाते आणि रूढीप्रमाणे लग्न समोरच्या भागातच करावे लागते, त्यामुळे बाप आणि त्याची मुले कायम वेगवेगळ्या भागांत असतात. कोणी वारले की अंत्यविधीची कामे समोरच्या भागातील माणसे करतात, आणि मृताचे कुळ पुढे पॉटलॅच नावाच्या समारंभात त्यांना जेवण व भेटी देऊन त्याची परतफेड करते. वंश आईकडून चालला म्हणून सत्ता स्त्रियांच्या हाती गेली, असे मात्र होत नाही. शिकारीचे आणि व्यापाराचे पुढारपण बहुधा पुरुषांकडेच असे.

मॅकेंझी नदीच्या परिसरातील स्लेव्ही व त्लिचो लोकांत तर अशी कुळेच नाहीत. तिथे आईकडचे आणि बापाकडचे नातेवाईक सारखेच धरले जातात. पूर्वी शिकारीच्या उपलब्धतेनुसार कुटुंबे टोळी बदलत, आणि नव्या टोळीत भाऊ, बहीण किंवा मेहुणा असला की तेवढे पुरत असे. नवा जावई काही काळ सासऱ्यासाठी शिकार करी, ही प्रथा मातृसत्तेचा पुरावा म्हणून पुढे केली जाते. पण ती सासुरवाडीचे देणे फेडण्याची रीत होती, आणि ते फिटल्यावर जोडपे नवऱ्याच्या नातलगांकडेही राहायला जाऊ शके.