पाण्याचे पैसे मागतंय कोण?

जूनचा पहिला पाऊस पडला की आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर दोन गोष्टी हमखास येतात. एक, कुणाच्या तरी बाल्कनीतल्या कांदाभज्यांचा फोटो. दुसरी, धबधब्यांच्या तिकिटाविरुद्धचा एक तापलेला मेसेज. यंदाचा साधारण असा होता:

"धबधबा देवानं दिला, तिकीट घेणारे हे कोण? वाहत्या पाण्यावर कुणाचीही मालकी नसते, म्हणून ही फी बेकायदा आहे. पैसा कुणाच्या घशात जातो ते सगळ्यांना माहीत आहे. चार बेजबाबदार पोरांमुळे अपघात होतात, शिक्षा मात्र आपल्याला. परदेशात निसर्ग सगळ्यांना मोकळा असतो. आणि बंदी म्हणजे सरकारची पळवाट. गरिबानं पावसात भिजायचंही नाही का? पटलं तर पुढे पाठवा."

मला सगळं पटलं नाही, तरी पुढे पाठवतेय. सोबत उत्तर जोडून.

"पाण्यावर मालकी नाही, म्हणून फी बेकायदा"

पाण्यावर मालकी नाही, कबूल. पण तुम्ही पाण्यापर्यंत पोचता ते जमिनीवरून चालत, आणि ती जमीन कुणाची तरी असते. कुठे वनखात्याची, कुठे रेल्वेची, कुठे एखाद्या शेतकऱ्याच्या सातबाऱ्यावरची. दूधसागर घ्या. तो गोव्याच्या भगवान महावीर अभयारण्याच्या हद्दीत आहे आणि त्याच्या छातीवरून रेल्वेचा रूळ जातो. तिथे वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ लागू होतो. त्याच्या कलम २७ प्रमाणे अभयारण्यात कुणालाही वाटेल तसं शिरता येत नाही. कलम २८ प्रमाणे परवाना मिळतो, त्यात पर्यटन हे कारण चालतं आणि परवान्याला फी असते. म्हणजे बेकायदा काय असेल तर परवान्याशिवाय आत जाणं. मेसेज लिहिणाऱ्यानं कायदा उलटा धरून वाचलाय.

"निसर्ग सगळ्यांचा" हे वाक्य मात्र पोकळ नाही. सर्वोच्च न्यायालयानं १९९६ च्या डिसेंबरात कमलनाथ प्रकरणात तेच सांगितलं: नद्या, जंगलं, किनारे ही जनतेची ठेव आणि सरकार तिचं विश्वस्त. पण ते प्रकरण कशावरून उभं राहिलं होतं? हिमाचलमध्ये बियास नदीकाठी एका मोटेलनं वनजमिनीवर पाय पसरले आणि मोटेल वाचवायला नदीचा प्रवाहच वळवला. न्यायालयानं जमीन परत घ्यायला लावली. विश्वस्त म्हणजे राखणदार, हे त्या निकालातून निघतं. दार सताड उघडं टाकून झोपी जाणाऱ्याला आपण देवळाचा विश्वस्तही करत नाही.

गावच्या पातळीवर चित्र इतकं स्वच्छ नसतं, ते पुढच्या मुद्द्यात.

"पैसा कुणाच्या तरी घशात जातो"

इथे मी मेसेजच्या बाजूनं निम्मी उभी आहे. दोन वर्षांपूर्वी आम्ही सहा जणी एका घाटाखालच्या धबधब्याला गेलो होतो, नाव सांगत नाही. वळणावर एकानं गाडीचे पैसे घेतले. पुढे दोरी बांधून बसलेल्या दुसऱ्यानं माणशी घेतले. पाण्याच्या अलीकडे तिसऱ्यानं "स्वच्छतेचे" म्हणून घेतले, आणि त्याच्या खुर्चीमागेच वेफर्सच्या पाकिटांचा ढीग होता. पावती एकाकडेही नव्हती. मागितली तर "ताई, पावसात कागद भिजतो" हे उत्तर मिळालं. असल्या वसुलीला खंडणी म्हणा, मी हरकत घेणार नाही.

त्याच पावसाळ्यात दुसऱ्या एका ठिकाणी पत्र्याच्या शेडमध्ये गावातल्या बचत गटाच्या दोन बायका बसल्या होत्या. समोर कार्बन घातलेलं पावतीपुस्तक, पुस्तकावर समितीचं नाव आणि शिक्का, भिंतीवर दरपत्रक. त्यांनी आमची नावं लिहिली, एकीचा मोबाईल नंबर घेतला, किती जणी आत जाताय आणि किती वाजता परत याल ते विचारलं. पिशव्या तपासल्या, प्लास्टिकच्या बाटल्या मोजल्या आणि प्रत्येक बाटलीमागे अनामत ठेवून घेतली. परतताना बाटल्या दाखवून पैसे परत. आमची एक बाटली कमी भरली तर पैसे कापलेच. मैत्रीण भांडली, बाई ढिम्म हलल्या नाहीत.

दोन्हीकडे "तिकीट"च होतं. राग काढायचा तर पहिल्या प्रकारावर काढा, आणि नेमका काढा. पावतीवर कुणाचं नाव आहे? वनखात्याच्या संयुक्त वन व्यवस्थापन समितीचं की ग्रामपंचायतीचं? पंचायतीचं असेल तर ठराव कधी झाला? जमा-खर्च ग्रामसभेपुढे येतो का? ग्रामपंचायत माहिती अधिकाराखाली येते, अर्ज करता येतो. ग्रुपवर शंभर जणांनी रागाचे चेहरे टाकण्यापेक्षा एकानं केलेला अर्ज त्या दोरीवाल्याला जास्त जड जाईल.

आणि नीट चालवलं तर काय होतं ते पाहायला लांब जायला नको. कास पठार धबधबा नाही, पण गर्दीचं दुखणं तेच. २०१२ मध्ये पश्चिम घाटातल्या जागतिक वारसा स्थळांत कास आलं आणि साताऱ्याहून गाड्यांची रांग लागली. फुलांवर बसून फोटो काढणारे आपलेच लोक होते. आज तिथे आसपासच्या गावांची समिती शुल्क घेते, हंगामात ऑनलाइन नोंदणी असते, दिवसाला किती माणसं सोडायची याला मर्यादा असते आणि शिट्टी घेऊन फिरणारी माणसं त्याच गावांतली असतात. तक्रारी तिथेही आहेत. पण फुलं पायाखाली तुडवायला कुणाला मोकळीक नाही.

"चार बेजबाबदार पोरांमुळे अपघात होतात"

या वाक्यावर मला सगळ्यात जास्त बोलायचंय, कारण मेसेजमधलं सगळ्यात घातक वाक्य हेच आहे. ते वाचणारा प्रत्येक जण स्वतःला जबाबदारांत धरतो.

३० जून २०२४, रविवार. लोणावळ्यात भुशी धरणाच्या मागच्या ओढ्यात पुण्याहून आलेलं एक कुटुंब वाहून गेलं. एक बाई आणि चार मुलं गेली. तो व्हिडिओ आपण सगळ्यांनी पाहिला. त्यात कुणी दारू प्यायलेलं नव्हतं, कुणी कड्यावरून उडी मारत नव्हतं. लेकरांना घेऊन मोठी माणसं प्रवाहाच्या मधोमध एका खडकावर उभी होती, जशी आपण दरवर्षी उभी राहतो. थोड्या वेळापूर्वी तिथे घोट्याएवढं पाणी असणार, म्हणून तर ती तिथवर गेली.

हे असं का होतं, ते सह्याद्री ठाऊक असलेल्याला सांगावं लागत नाही, पण ग्रुपवरच्यांना सांगते. आपले धबधबे बेसॉल्टच्या कातळावरून पडतात. वरचं पठार म्हणजे पातळ मातीखाली काळा दगड. पावसाळ्याच्या मध्यावर ती माती तुडुंब झालेली असते, पाणी मुरायला जागाच नसते. ओढ्याची लांबी जेमतेम काही किलोमीटर. वर ढग फुटला की सगळं पाणी थेट ओढ्यात आणि ओढ्यातून तुमच्या अंगावर, तेही मिनिटांत. तुमच्या डोक्यावर तेव्हा ऊनसुद्धा असू शकतं, कारण पाऊस पडतोय तो कड्याच्या वर, जिथे तुमची नजर पोचत नाही. जुलै २०२४ मध्ये ताम्हिणीला एका दिवसात साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस झाला. सोलापूरकडच्या गावाला वर्षभरात जेवढा मिळतो, जवळपास तेवढा चोवीस तासांत.

पाणी वाढायच्या आधी खुणा दिसतात. स्वच्छ पाणी गढूळ होतं, पालापाचोळा आणि काटक्या वाहत येतात, आवाज जड होतो. गुराख्याचं पोर ते बघून काठावर सरकतं. आपण त्याच वेळी फोनकडे बघून हसत असतो. बचत गटाच्या बायका असलेल्या त्या धबधब्यावर एक मुलगा रेनकोट घालून वरच्या दगडावर बसलेला होता. त्यानं एकदम शिट्ट्या मारायला सुरुवात केली. पाणी होतं तसंच दिसत होतं. आम्ही कुरकुरत बाहेर आलो, एक काका तर त्याच्याशी हुज्जत घालायला लागले की आत्ताच तर आलोय, पैसे भरलेत. त्यांचं वाक्य संपायच्या आत पाण्याचा रंग चहासारखा झाला, आणि थोड्या वेळानं आम्ही ज्या दगडावर डबा उघडला होता तो दगड दिसेना. काकांनी पैसे भरले होते ते त्या शिट्टीचे, हे त्यांना तिथे कळलं. निदान मला तरी कळलं.

पाटीनं हे काम होत नाही. १५ जून २०२५ ला तळेगावजवळ कुंडमळ्याला इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल रविवारच्या गर्दीसकट कोसळला. चार माणसं गेली, पन्नासच्या वर जखमी झाली. पूल धोकादायक असल्याची पाटी तिथे होती. पाटी वाचायला होती, पण माणसं मोजून थांबवायला कुणी नव्हतं.

आणि मानलं की खरंच चार बेजबाबदार पोरं आहेत. रील काढताना कुणी दरीत गेलं, तर त्याला आणायला खाली कोण उतरतं? लोणावळ्यात शिवदुर्ग मित्र या बचाव संस्थेचे कार्यकर्ते उतरतात, रायगडकडे तिथल्या स्थानिक टीम उतरतात. आपापले कामधंदे सोडून आलेली माणसं दोर बांधून पावसात तासन्‌तास लटकतात, बऱ्याचदा जिवंत माणसासाठी नाही तर देहासाठी. त्या दोराचा, स्ट्रेचरचा खर्च आकाशातून पडत नाही.

"परदेशात निसर्ग मोकळा असतो"

क्रोएशियात प्लिटविसचे प्रसिद्ध धबधबे आहेत. उन्हाळ्यात तिकीट चाळीस युरोच्या घरात, आणि पाण्यात पाय टाकायची परवानगी नाही. अमेरिकेत ओरेगॉनच्या मल्टनोमा धबधब्याला २०२२ मध्ये गर्दीच्या मोसमासाठी ठरावीक वेळेचा परवाना सुरू झाला. अॅरिझोनातला हवासू धबधबा हवासुपाई आदिवासींच्या जमिनीत आहे. त्यांच्या परवानगीशिवाय जाताच येत नाही, आणि सकाळी जाऊन संध्याकाळी परत असंही चालत नाही. ज्यांच्या भाच्यानं तिथून फोटो पाठवलेत त्यांनी त्याला एकदा विचारावं, खर्च किती आला.

पण मेसेजवाल्याला ठाऊक नसलेलं एक उदाहरण त्याच्याच बाजूचं आहे, ते मी सांगते. नायगारा. एकोणिसाव्या शतकात नायगाऱ्याच्या काठाची जमीन खासगी मालकांकडे होती. त्यांनी कुंपणं घातली, आणि धबधबा नुसता बघायचे पैसे लावले. लोक चिडले, "मोकळा नायगारा" अशी चळवळ झाली आणि १८८५ मध्ये न्यूयॉर्क राज्यानं ती जमीन विकत घेऊन सगळ्यांना खुली केली. तिथे आजही काठावर जायला तिकीट नाही. गाडी लावायचे पैसे मात्र पडतात.

तर हो, फुकट धबधबा शक्य आहे. राज्यानं जमीन घ्यावी, पहारेकरी पगारावर नेमावेत, रेलिंग, शौचालयं, रुग्णवाहिका हे सगळं अर्थसंकल्पातून करावं. उद्या महाराष्ट्र सरकारनं हे केलं तर तिकीट काढून टाका म्हणणाऱ्यांत मी पहिली. तोवर त्या रेनकोटवाल्या पोराची रोजी कुठून निघणार, याचं उत्तर मेसेजमध्ये नाही.

"बंदी म्हणजे पळवाट"

बऱ्याचदा आहे. जिल्हाधिकारी पूर्वी कलम १४४ लावायचे, १ जुलै २०२४ पासून तेच नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १६३ झालं. ते आणीबाणीच्या प्रसंगासाठी आहे आणि राज्य सरकारनं मुदत वाढवली नाही तर आदेश दोन महिन्यांवर चालत नाही. सर्वोच्च न्यायालयानं २०२० मध्ये अनुराधा भसीन प्रकरणात असे आदेश पुन्हापुन्हा काढणं हा अधिकाराचा गैरवापर ठरेल असं म्हटलंय. पाऊस काही आणीबाणी नाही, तो दरवर्षी येतो. मग दर जूनला तोच कागद तारीख बदलून काढायचा, ही कसली तयारी?

शिवाय बंदीनं गर्दी जिरत नाही, सरकते. गोव्यात जुलै २०२३ मध्ये मैनापी धबधब्यात दोघं बुडाले, वनखात्यानं अभयारण्यांतले धबधबे बंद केले. त्याच महिन्यात शेकडो ट्रेकर दूधसागरसाठी रेल्वेनं येऊन रुळांवरून चालत निघाले. रेल्वे पोलिसांनी त्यांना उठाबशा काढायला लावल्या, तो व्हिडिओ सगळीकडे फिरला. आपण हसलो. पण पाण्याच्या धोक्यातून उठवलेली माणसं रुळांवर गेली होती, यात हसण्यासारखं काय होतं?

म्हणूनच तिकिटाला शिव्या देताना जरा थांबा. फाटक, नोंद, मोजणी, संध्याकाळची वेळ, शिट्टी, ही सगळी बंदीला पर्याय म्हणून उभी राहिलेली व्यवस्था आहे. ती नको म्हटलं तर प्रशासनाच्या हातात उरतो तो एकच स्वस्त उपाय, आणि त्याला एक कागद आणि एक सही पुरते.

"गरिबानं भिजायचंही नाही का?"

पेट्रोल, टोल, मिसळ आणि परतीची भजी यांच्यापुढे तिकीट किती, हा हिशोब ज्यानं त्यानं करावा. एसटीनं येणाऱ्यांसाठी दर कमी हवा आणि गावच्या माणसाकडून एक पैसाही घेऊ नये, हे मला मान्य आहे.

पण मेसेजमध्ये ज्याच्या नावानं गळा काढलाय तो गरीब मला धबधब्याच्या वाटेवर भेटतो. निखाऱ्यावर कणसं भाजणाऱ्या मावशी गेली कित्येक वर्षं मला ओळखतात. मागच्या पावसाळ्यात गेले तेव्हा वाट बंद होती. शेगडी शेडमध्ये पालथी घातलेली, आणि मावशी भातलावणीच्या मजुरीला गेलेल्या. शेजारच्या टपरीवाल्यानं सांगितलं, दोन रविवार कणसं आणली, पोलिसांनी गाड्या खालूनच परतवल्या, माल घरी नेऊन गुरांना घातला. तिकीट सुरू होतं त्या वर्षी त्यांची पोतं दुपारीच संपायची.