स्वतःच्याच घरात परके

अक्रोडाला इंग्रजीत वॉलनट म्हणतात. त्यातल्या 'वॉल'चा भिंतीशी काडीचा संबंध नाही. जुन्या इंग्रजीत 'वेअल्ह' म्हणजे परका. वॉलनट म्हणजे परमुलखातलं फळ. आणि हाच शब्द वेल्सच्या नावातही आहे!

सीझरने 'वोल्के' नावाच्या एका केल्टिक टोळीचा उल्लेख केलाय (केल्ट म्हणजे पश्चिम आणि मध्य युरोपातले जुने रहिवासी). जर्मानिक लोकांनी, म्हणजे जर्मन, इंग्रजी या भाषांची पूर्वज भाषा बोलणाऱ्यांनी, बहुधा तिच्याच नावावरून 'वाल्हाझ' हा शब्द घडवला. आधी तो सगळ्या केल्टांना लागला, मग लॅटिन बोलणाऱ्यांनाही. आपल्याकडे फ्रँक लोकांवरून आलेला 'फिरंगी' पोर्तुगीज, इंग्रज सगळ्यांना चिकटला (आणि मराठ्यांच्या एका तलवारीलाही), तसलाच हा प्रकार.

बेल्जियममधले फ्रेंच बोलणारे झाले वालून. स्वित्झर्लंडमधले जर्मनभाषक आपल्या फ्रेंचभाषक देशबांधवांना अजून 'वेल्श' म्हणतात. अगम्य बडबडीला जर्मनमध्ये शब्द आहे 'काउडरवेल्श'. म्हणजे तुमचं बोलणं आम्हाला कळत नाही, तर दोष तुमचा! स्लाव्ह लोकांनी शब्द उसना घेतला आणि बाल्कनमधल्या, लॅटिनमधून निघालेल्या रोमान्स भाषा बोलणाऱ्यांना व्लाख केलं. वालाकिया (आजच्या रोमानियाचा दक्षिण भाग) हे नाव त्यातलंच. तिथले लोक मात्र स्वतःच्या मुलखाला 'त्सारा रोमनियास्का' म्हणत. पोलंडमध्ये तर आख्खी इटलीच 'व्वोही' झाली. हंगेरियनमध्ये एकाच शब्दाचे दोन तुकडे: 'ओलास' म्हणजे इटालियन आणि 'ओला' म्हणजे रोमानियन, तोही बराचसा हिणवणारा.

पण सगळ्यात जास्त खटकतं ते ब्रिटनमध्ये जे झालं ते. अँग्लो-सॅक्सन, म्हणजे इंग्रजांचे पूर्वज असलेल्या अँगल, सॅक्सन वगैरे जर्मानिक टोळ्या, बाहेरून आले आणि आधीपासून तिथे राहणाऱ्या ब्रिटनांनाच (वेल्सच्या लोकांच्या केल्टिक पूर्वजांनाच) परके म्हणू लागले. पुढे 'वेअल्ह'चा अर्थ गुलाम असाही झाला. सातव्या शतकाच्या अखेरीस वेसेक्स या अँग्लो-सॅक्सन राज्याचा राजा इने याने कायदे केले. त्यात माणूस मारल्याची भरपाई वेल्श माणसासाठी कमी धरलेली आहे. शब्दाचा उगम सांगताना लोक 'किती गंमत नाही!' म्हणून पुढे जातात, मला त्यात गंमत दिसत नाही. परका कोण हे आधी आला कोण यावरून ठरलं नाही, मनगटात जोर कुणाच्या होता यावरून ठरलं.

वेल्सचे लोक स्वतःला 'कम्री' म्हणतात, म्हणजे एका मुलखातले, आपली माणसं. देशाचा उच्चारही तोच. हल्ली त्यांचा फुटबॉल संघही हेच नाव आग्रहाने पुढे करतो, ते मला शंभर टक्के पटतं. आणि इंग्रजांना ते काय म्हणतात? 'साइस'. म्हणजे सॅक्सन! बाकीच्या टोळ्या गेल्या उडत, सरसकट सगळे सॅक्सन. झाली फिटंफाट.