‘औषधच आहे, फक्त लेबल वेगळं’?

प्रयोगशाळांसाठी विकलं जाणारं रीकॉम्बिनंट (मानवी जनुक जिवाणूत घालून बनवलेलं) मानवी इंटरल्युकिन-२, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या पेशी एकमेकींना निरोप द्यायला वापरतात ते प्रथिन, हे कर्करोगावरचं महागडं औषधच आहे, ९८ टक्के शुद्ध आहे, शरीरात मुळातच असतं म्हणून निर्धोक आहे, प्रतिकारशक्ती वाढवतं, थोडंसंच घ्यावं, आणि ‘फक्त संशोधनासाठी’ हा शिक्का म्हणजे कंपन्यांची पळवाट आहे. अशा आशयाचा मजकूर बराच फिरतोय. त्यातलं जवळपास प्रत्येक वाक्य अर्धं खरं आहे, म्हणूनच तो पटतो.

‘औषधच आहे.’ रेणूपुरतं बोलायचं तर बरंचसं बरोबर. अमेरिकेत १९९२ साली मूत्रपिंडाच्या पसरलेल्या कर्करोगासाठी मान्यता मिळालेलं अल्डेस्ल्युकिन, म्हणजे इंटरल्युकिन-२चं औषधही ई. कोलाय जिवाणूतच तयार होतं. नैसर्गिक प्रथिनावरची साखर त्याच्यावर नसते, आणि प्रथिनाच्या साखळीत १२५व्या जागी सिस्टीन या अमिनो आम्लाऐवजी सेरीन असतं. तेव्हा ‘जिवाणूत बनलेलं म्हणजे नकली’ असं तावातावाने उत्तर देणारेही चुकतातच. वाद रेणूचा नाही, कुपीत त्याच्यासोबत काय आलंय याचा आहे.

‘९८ टक्के शुद्ध.’ हा आकडा बहुतेक वेळा जेलवरून येतो. प्रथिनं जेलमधून सरकवायची, रंगवायची आणि मुख्य पट्टा एकूण रंगाच्या किती टक्के आहे ते बघायचं. पण तो रंग धरतो प्रथिनांना. ई. कोलायच्या आवरणातलं एंडोटॉक्सिन हे विष म्हणजे मेद आणि शर्करेचा रेणू; रक्तात गेलं तर ताप आणतं. तो या जेलवर दिसतच नाही. संशोधनाच्या मालावर ‘दर मायक्रोग्रॅमला १ एककापेक्षा कमी एंडोटॉक्सिन’ असं सर्रास छापलेलं असतं. १ एकक म्हणजे साधारण ०.१ नॅनोग्रॅम, वजनाने प्रथिनाच्या जेमतेम ०.०१ टक्का. प्लेटमधल्या पेशींवर काही नॅनोग्रॅम प्रथिन घालणाऱ्याचं यात सहसा भागतं. शिरेतून द्यायचा हिशोब मात्र वेगळा. इंजेक्शनांसाठीची रूढ मर्यादा दर किलो वजनामागे तासाला ५ एककं, म्हणजे ७० किलोच्या माणसाला ३५०. त्याच माणसाला अल्डेस्ल्युकिनचा कर्करोगावरचा एक मोठा डोस सुमारे २.६ मिलिग्रॅम भरतो. तेवढंच प्रथिन वरच्या लेबलच्या कुपीतून घेतलं, तर २,६०० एककांपर्यंत एंडोटॉक्सिन आत जाऊ शकतं. मर्यादेच्या सातपट, आणि शुद्धतेचा आकडा जिथल्या तिथे!

एंडोटॉक्सिनने मुरलेल्या संशोधकांनाही चकवलंय. एचएसपी७० हे प्रथिन मॅक्रोफाज या जंतू गिळणाऱ्या पेशींना चेतवतं असं मानलं जात होतं. २००३ साली दाखवण्यात आलं की त्या पेशींतून टीएनएफ हे दाह पेटवणारं प्रथिन बाहेर पडत होतं ते त्या रीकॉम्बिनंट प्रथिनातल्या एंडोटॉक्सिनमुळे.

शिवाय काही कुप्यांत प्रथिन भांड्याला चिकटून वाया जाऊ नये म्हणून गाईच्या रक्तातलं अल्ब्युमिन हे प्रथिन मुद्दाम घातलेलं असतं, तेही मूळ प्रथिनाच्या कित्येक पट.

‘शरीरात असतंच, मग अपाय कसला?’ शरीरात ते एका टी-पेशीकडून (ही प्रतिकारशक्तीची एक पांढरी पेशी) आसपासच्या पेशींपर्यंत, थोड्या वेळापुरतं पोचतं. मोठ्या मात्रेत रक्तात सोडलं की केशवाहिन्या गळू लागतात, रक्तदाब कोसळतो, फुफ्फुसांत पाणी साचू शकतं. आणि हे नीट तपासलेल्या औषधाचं सांगतोय, म्हणून तर तो डोस रुग्णालयात, डॉक्टरांच्या नजरेखालीच देतात.

‘प्रतिकारशक्ती वाढवतं’ हा दावा मला सगळ्यात चुकीचा वाटतो. इंटरल्युकिन-२चं जनुक निकामी केलेल्या उंदरांचा अभ्यास १९९३ साली प्रसिद्ध झाला. प्रतिकारशक्ती लुळी पडेल अशी अपेक्षा असताना त्यांच्या आतड्यांना अल्सरेटिव्ह कोलायटिससारखा दाह झाला. कारण नियामक टी-पेशी, म्हणजे प्रतिकारशक्तीला आवर घालणाऱ्या पेशी, याच प्रथिनावर जगतात. त्यांच्यावर सीडी२५ हा ग्राहीचा (इंटरल्युकिन-२ पकडणाऱ्या रेणूचा) भाग कायम भरपूर असतो, त्यामुळे मात्रा कमी असेल तर ते आधी त्याच पटकावतात. कमी डोसचं इंटरल्युकिन-२ स्वप्रतिकार आजारांत, म्हणजे प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटते त्यांत, आजमावलं गेलं ते प्रतिकारशक्ती शांत करण्यासाठी! ‘थोडंसंच घ्या’ हा त्या मजकुरातला सल्ला त्याच्याच दाव्याच्या उलट जातो.

राहिला शिक्का. कुपीची क्रियाशीलता बहुधा सीटीएलएल-२ या उंदराच्या टी-पेशींवर तपासतात. इंटरल्युकिन-२ मिळालं की त्या वाढतात, नाही मिळालं की मरतात. त्यावरून प्रथिन चालतंय एवढं कळतं. माणसाला टोचायच्या औषधाच्या प्रत्येक बॅचची निर्जंतुकता आणि एंडोटॉक्सिनची पातळी, तसंच त्या औषधाचा टिकाऊपणा औषधाच्या नियमांनुसार सिद्ध करावा लागतो. हा शिक्का असलेल्या कुपीबाबत ते बंधन कुणी घेतलेलंच नसतं, आणि शिक्का नेमकं तेच सांगतो.