आई-बाबांनो, आधी रात्र वाटून घ्या

लहान मुलांच्या आई-वडिलांना ‘स्वतःसाठी थोडा वेळ काढा’ असं सांगणारे खूप भेटतात. तो वेळ कुणाच्या वाट्यातून काढायचा, हे मात्र कुणी सांगत नाही. एकाला विसावा हवा असेल तर त्याचं काम दुसऱ्याने उचलायला हवं, नाहीतर ते त्या दिवशी तसंच पडून राहायला हवं. तिसरा मार्ग नाही. म्हणून स्वतःची काळजी घेणं हा मला इच्छाशक्तीचा प्रश्न वाटतच नाही. तो वाटणीचा प्रश्न आहे आणि वाटणीची सुरुवात झोपेपासून करावी.

मोठ्या माणसाला रात्री किमान ७ तास झोप हवी, हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण तुकड्या-तुकड्यांनी मिळालेले ७ तास आणि सलग ७ तास यांत फार अंतर आहे. झोपेचं एक चक्र साधारण ९० मिनिटांचं असतं. दर तासाला उठावं लागलं तर चक्र पुरं होतच नाही आणि सकाळी अंग जड, डोकं बधिर. तान्हं बाळ असलेल्या घरात दोघंही रात्रभर अर्धवट जागे राहतात, त्यापेक्षा सरळ पाळ्या लावाव्यात. रात्री ९ ते २ एकाची, २ ते ७ दुसऱ्याची. ज्याची पाळी नाही त्याने जमल्यास दुसऱ्या खोलीत, दार लावून झोपावं. प्रत्येकाला ५ तास सलग मिळतात, वर आपल्या पाळीत बाळ झोपलेलं असताना जे मिळेल ते.

ही व्यवस्था फसते ती बारीकसारीक गोष्टींत. रात्री एक वाजता “डायपर कुठे ठेवलेत?” म्हणून झोपलेल्याला उठवलं, की त्याची रात्र गेली. म्हणून ९ च्या आत सगळं एका जागी काढून ठेवायचं: ३-४ डायपर, पुसायचे कपडे, बाळाचे कपड्यांचे दोन जोड, पाण्याची बाटली, मंद दिवा. पाळीवर असताना सोफ्यावर किंवा आरामखुर्चीत बाळाला कुशीत घेऊन डोळा लागू देऊ नका. त्यात बाळ गुदमरण्याचा खरा धोका असतो. झोप आवरत नसेल तर बाळाला त्याच्या अंथरुणावर, पाठीवर झोपवा.

आई अंगावर पाजत असेल तर पहिले काही आठवडे, दूध पाजणं नीट बसेपर्यंत, ५ तासांची सलग सुट्टी जमणार नाही. तेव्हा दुसऱ्याने बाळ आणून द्यायचं, आईने पाजायचं आणि ढेकर काढणं, डायपर बदलणं, पुन्हा झोपवणं हे सगळं दुसऱ्याने करायचं. पुढे दूध काढून ठेवता येतं. २५ अंशांपर्यंतच्या तापमानात ते ४ तास टिकतं, फ्रिजमध्ये ४ दिवस. रात्रीचं पाजणं मात्र एकदम बंद करू नये. छातीत दूध साचून गाठी येतात, दुखतं आणि दूध कमीही होऊ शकतं.

मुलं मोठी झाली की चित्र बदलतं. ती साडेदहाला झोपतात आणि आई-बाबा एक वाजेपर्यंत मोबाइल घेऊन जागे राहतात. याला बेशिस्त म्हणणं मला पटत नाही. दिवसभरात कुणी काही मागत नाही असा हा पहिलाच वेळ असतो, तो सोडवत नाही. म्हणून मोबाइल दूर ठेवण्याचा नुसता निश्चय टिकत नाही. मोकळा वेळ दिवसाउजेडी हलवावा लागतो. रोज संध्याकाळी अर्धा तास एकाचा, पुढचा अर्धा तास दुसऱ्याचा, ठरलेल्या वेळी. या अर्ध्या तासात कपड्यांच्या घड्या घालायच्या नाहीत. दुपारची डुलकी घ्यायची तर २० मिनिटांचा अलार्म लावून. त्याहून लांबली तर उठताना आणखी मरगळ येते. चार वाजताच्या कॉफीतलं साधारण निम्मं कॅफिन रात्री नऊलाही अंगात असतं, हेही धरून चाला.

कामं वाटताना फक्त शेवटची पायरी दिली तर काहीच हलकं होत नाही. लसीकरणाचं घ्या. तारीख लक्षात ठेवायची, अपॉइंटमेंट घ्यायची, फाइल शोधायची, रजा टाकायची, नंतर ताप आला तर रात्री बघायचं. यातलं “घेऊन जा” एवढंच जोडीदाराला सांगितलं, तर बाकी सगळं पूर्वी होतं तिथेच राहतं. द्यायचं तर अख्खं काम द्या. मग त्याच्या पद्धतीत सुधारणा सुचवत मागे उभं राहू नका, कारण त्याने काम तुमच्याकडेच परत येतं. एकट्याने मूल वाढवणाऱ्याकडे वाटून घ्यायला कुणी नसतं. त्याने कामं कमी करण्याकडेच वळावं आणि दुसऱ्या एखाद्या पालकाशी आठवड्यातून दोन तासांची अदलाबदल ठरवावी.

शरीराच्या तक्रारी तर सर्रास अंगावर काढल्या जातात. बाळाला काखेत धरून, अंगठे फाकवून पुन्हा पुन्हा उचललं की अंगठ्याच्या मुळाशी, मनगटाच्या कडेला चमक येते, कारण तिथल्या स्नायूबंधांना सूज येते. उचलताना एक तळवा बुडाखाली, दुसरा पाठ-मानेखाली सरकवा, मनगट सरळ ठेवा. सततच्या थकव्याला ‘मुलं आहेत, चालायचंच’ म्हणून सोडून देऊ नका. हिमोग्लोबिन, थायरॉइड आणि बी १२ एकदा तपासून घ्या.

थकवा कुठे हद्द ओलांडतो, यावर बेल्जियममधल्या मानसशास्त्रज्ञ इझाबेल रोस्काम आणि मॉइरा मिकोलायचाक यांनी बरंच काम केलं आहे. पालकांचा थकवा मोजणारी त्यांची २३ विधानांची चाचणी २०१८ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यातलं एक लक्षण मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं: मुलांपासून मनाने तुटत जाणं. जेवण, आंघोळ, शाळा सगळं वेळेवर होतं, पण मूल काही सांगायला आलं की ऐकावंसंच वाटत नाही. असं होत असेल तर ‘माझं प्रेम आटलं’ असा अर्थ काढू नका. वाटणी ताबडतोब बदला.

बाळ रडायचं थांबत नाही आणि हात शिवशिवायला लागले, तर त्याला पाठीवर सुरक्षित जागी ठेवा, दार ओढून घ्या आणि ५-१० मिनिटं बाहेर थांबा. रडल्याने त्याला इजा होत नाही, गदागदा हलवल्याने मेंदूला होऊ शकते. बाळंतपणानंतरचं रडवेलेपण सहसा दोन आठवड्यांत ओसरतं. त्यापुढेही उदासी राहिली, किंवा बाळ झोपलेलं असूनही स्वतःला झोप येत नसेल, तर डॉक्टरांकडे जा. हे बाबांनाही होतं. स्वतःला किंवा बाळाला काही करावं असा विचार आला तर त्याच दिवशी जा, आणि तोपर्यंत घरात एकटं राहू नका.