उकळतं पाणी ओतल्याने तेल ‘जात’ नाही

गणपतीपासून आमच्या दादरच्या सोसायटीत एक मेसेज फिरतोय: तळणीचं उरलेलं तेल सिंकमध्ये ओता, वरून उकळतं पाणी आणि भांड्यांचं लिक्विड सोडा, तेल विरघळून जातं. नाहीतर कोपऱ्यावरच्या वडेवाल्याला द्या.

दोन्ही चूक. साबणाने तेलाचे बारीक थेंब होतात, तेल नाहीसं होत नाही. पुढे पाणी निवतं आणि तेल पाइपाला आतून धरतं. परवा आमचा चेंबर उघडला तर मेणासारखा पांढरट थर, त्यात भाताची शितं आणि चहाचा चोथा रुतलेला. सफाई कामगाराने तो खरवडून काढला, तासभर वाकून. मला बघवलं नाही.

आणि वडेवाला? पुन्हापुन्हा तापवलेल्या तेलात ध्रुवीय संयुगं, म्हणजे तेल बिघडताना तयार होणारे घटक, वाढतात. ती २५ टक्क्यांवर गेली की ते तेल खाण्यासाठी वापरायला १ जुलै २०१८ पासून कायद्याने मनाई आहे. घरी हे मोजता येत नाही, म्हणून देऊच नका.

थोडं तेल असेल तर गार करून जुन्या वर्तमानपत्रात टिपा, बांधून कचऱ्यात द्या. जास्त असेल तर गाळून घट्ट झाकणाच्या बाटलीत साठवा. अधिकृत संकलक ते बायोडिझेलसाठी नेतात. सोसायटीने मिळून एकच पिंप ठेवलं तर बोलावणं सोपं जातं.