राज्य नंतर, अभ्यासक्रम आधी

बारावीचा निकाल जवळ आला की बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यातील मराठी घरांत एक वाद ठरलेला असतो: केसीईटी देऊन कर्नाटकातच इंजिनिअरिंग करावे, की एमएचटी-सीईटी देऊन कोल्हापूर, सांगली किंवा पुणे गाठावे. १९५६ पासूनच्या सीमाप्रश्नाची आणि २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात असलेल्या दाव्याची छाया त्या वादावर पडते, आणि ती पडणे मला गैर वाटत नाही. महाराष्ट्र ८६५ गावांवर हक्क सांगतो म्हणूनच सीमाभागातील मराठी मातृभाषेच्या विद्यार्थ्यांसाठी तेथील प्रवेशप्रक्रियेत वेगळा प्रवर्ग आहे. शिवाय कर्नाटकात सात वर्षे शिक्षण झालेले असल्याने केसीईटीचा मार्गही त्यांना खुला राहतो. खटकते ते एवढेच की राज्य ठरले की चर्चा संपते, आणि चार वर्षे प्रत्यक्षात काय शिकायचे आहे हा प्रश्न कोणी विचारतच नाही.

मी जर्मनीत राहतो. येथे संगणकशास्त्राच्या पदवीला अर्ज करणाऱ्याला विद्यापीठाचे मोडुलहांडबुख, म्हणजे विषयवार माहितीपुस्तिका, आधी वाचता येते: कोणत्या विषयात काय शिकवणार, त्यासाठी आधी काय यायला हवे, परीक्षा कशी होणार आणि किती तासांचे श्रम अपेक्षित आहेत. तीन वर्षांच्या पदवीला १८० श्रेयांक असतात आणि एका श्रेयांकामागे २५ ते ३० तासांचे काम धरलेले असते. सीएचई ही येथील परिचित क्रमवारी तर विद्यापीठांना एकूण क्रमांक देतच नाही. ती विषयनिहाय आणि निकषनिहाय गट पाडते.

अशी तुलना आपल्याकडेही होऊ शकते, कारण व्हीटीयूचे, म्हणजे कर्नाटकातील विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठाचे, अभ्यासक्रम सर्वांना उपलब्ध असतात. मात्र एक बारकावा ध्यानात घ्यायला हवा. बेळगावजवळ मच्छे येथे मुख्यालय असलेल्या व्हीटीयूशी संलग्न, पण स्वायत्त नसलेल्या दोन महाविद्यालयांचा अभ्यासक्रम एकच असतो. त्यांच्यातला फरक शोधायचा तो शिक्षकांत, प्रयोगशाळांत आणि निकालांत. बेळगावच्या उद्यमबागेतील गोगटे किंवा सांगलीचे वालचंद यांसारखी स्वायत्त महाविद्यालये आपला अभ्यासक्रम स्वतः आखतात, आणि विषयांच्या याद्या शेजारी ठेवून वाचण्याचे श्रम तेथे खरे कारणी लागतात. एनबीएचे, म्हणजे राष्ट्रीय मानांकन मंडळाचे, मानांकनही महाविद्यालयाला नव्हे, तर एकेका शाखेला मिळते. अभियांत्रिकी पदव्यांना देशोदेशी समकक्ष मानणाऱ्या वॉशिंग्टन कराराचा लाभ त्यातील टियर-१ मानांकनालाच आहे, आणि ते विद्यापीठांच्या स्वतःच्या व स्वायत्त संस्थांच्या पदव्यांना दिले जाते. प्रवेशद्वारावरच्या फलकावर नुसते 'एनबीए मानांकित' लिहिलेले असेल, तर कोणती शाखा आणि कोणत्या वर्षापर्यंत, हे पालकांनी निःसंकोच विचारावे.

शाखांच्या नावांचा मोह ही आणखी एक गोष्ट. तंत्रशिक्षणाचे नियमन करणाऱ्या एआयसीटीई या केंद्रीय परिषदेने २०२४-२५ पासून जागांवरील कमाल मर्यादा काढल्यानंतर संगणकाच्या जागा वाढल्या, आणि त्यांत कृत्रिम बुद्धिमत्ता, डेटा सायन्स अशी नावे भराभर दिसू लागली. पुढे जर्मनीत पदव्युत्तर प्रवेशासाठी येणाऱ्यांच्या शाखेचे नाव सहसा कोणी पाहत नाही. गणित, अल्गोरिदम, ऑटोमाटा, ऑपरेटिंग सिस्टीम यांचे किती श्रेयांक पूर्ण झाले, हे गुणपत्रिकेतून मोजले जाते. आकर्षक नावाच्या शाखेत या विषयांना कात्री लागली असेल, तर चांगले गुण असूनही अर्ज अडतो.

इकडचे सगळेच अनुकरणीय आहे असे मात्र नाही. भारतातील नुसत्या बारावीवर येथे थेट पदवी प्रवेश सहसा मिळत नाही, वर्गात हजेरीचा धाक फारसा नसल्याने मागे पडणाऱ्याला सावरायला कोणी येत नाही, आणि आपल्याकडच्यासारख्या कॅम्पस मुलाखती येथे जवळजवळ नसतात. म्हणून नोकरीचा प्रश्न पहिल्या दिवशीच विचारणारे बेळगावचे पालक मला व्यवहारी वाटतात. फक्त त्यांनी सर्वांत मोठ्या पगाराचा आकडा न विचारता त्याच शाखेचा मधला आकडा विचारावा, आणि किती मुलांनी मुलाखती दिल्या तेही विचारावे.

कर्नाटकातील प्रवेश देणारे केईए हे प्राधिकरण असो वा महाराष्ट्राची केंद्रीभूत प्रवेशाची कॅप फेरी, पर्याय भरताना महाविद्यालय आणि शाखा अशी जोडीच क्रमाने द्यावी लागते. तो क्रम लावण्यापूर्वी दोन्ही राज्यांतल्या जोड्या एकाच कागदावर मांडल्या, तर उद्यमबागेतील एखादी शाखा कोल्हापूरच्या वर जाईल आणि दुसरी खाली येईल.