दुनळीवरच्या कॅमोफ्लाज रंगाबद्दल आपण केलेल्या तक्रारीस उत्तर

आदरणीय महोदय,

आमच्या कोल्हापूरच्या दुकानाला एक तारा देऊन आपण लिहिलेला अभिप्राय मी दोनदा वाचला आणि सोबतचे तीनही फोटो मोठे करून पाहिले. आपले म्हणणे थोडक्यात असे आहे की, आपल्या 12 बोर दुनळी बंदुकीला कॅमोफ्लाज (आसपासच्या रानात मिसळून जाणारा) रंग करून द्यायला तीन आठवडे सांगून आम्ही अकरा आठवडे लावले, 9,500 रुपये घेऊनही महिन्याभरात नळ्यांच्या मधल्या पट्टीजवळ रंगाला फोड आले, लाकडी दस्त्यावर फिकट डाग पडला, बंदुकीवर ठोकलेल्या नंबराभोवतीचा चौकोन ‘ठिगळासारखा’ बिनरंगाचा सोडला, आणि आपण मागितलेले लष्कराचे डिझाइन न काढता आमच्या मनाचे काढले. आपण फोन केला तेव्हा आमच्या माणसाने ‘रंग आहे, कधीतरी उडणारच’ असे उत्तर दिले, हेही आपण लिहिले आहे. फोडांची चूक सर्वस्वी आमची आहे, म्हणून सुरुवात तिथूनच करतो.

आपल्या दुसऱ्या फोटोत पट्टीच्या कडेने, काडतूस बसते त्या जागेपासून चार बोटे पुढे, फोडांची एक रांग दिसते आणि फुटलेल्या फोडाखाली तपकिरी ओलावा दिसतो. तो गंज नाही, ते जुने तेल आहे. दुनळीच्या दोन नळ्या आणि त्यांच्या मधल्या पट्ट्या कथील-शिशाच्या सोल्डरने जोडलेल्या असतात, आणि पट्टीखाली पोकळी असते. जोडात कुठे सुईच्या टोकाएवढी फट राहिली असेल, तर वर्षानुवर्षे पुसलेले तेल हळूहळू त्या पोकळीत उतरते. आम्ही नळ्या ॲसिटोनने धुतल्या, ॲल्युमिनियम ऑक्साइडचा भुगा हवेच्या दाबाने मारून पृष्ठभाग खरखरीत केला, आणि रंग देण्यापूर्वी तेल बाहेर यावे म्हणून नळ्या भट्टीत एकदा तापवल्या. एकनळीला हे पुरते. पिढ्यान्‌पिढ्या तेल प्यालेल्या दुनळीला मात्र तापवणे, पाझरलेले तेल धुणे आणि पुन्हा तापवणे हा क्रम पट्टीच्या कडेला फिरवलेले पांढरे फडके कोरडे निघेपर्यंत करावा लागतो. कथील-शिशाचे सोल्डर साधारण 183 अंशांपासून मऊ पडू लागत असल्यामुळे भट्टी फार वर नेता येत नाही. जे काम जास्त उष्णतेने एका फेरीत उरकले असते, ते कमी उष्णतेवर तीन-चार फेऱ्यांत करावे लागते. आम्ही एकाच फेरीत समाधान मानले. उरलेले तेल, पुढे बंदूक उन्हात राहिली किंवा वापरात तापली तेव्हा, रंगाखाली आले आणि त्याने रंग उचलला. फोनवर आपल्याला मिळालेले उत्तर म्हणूनच चुकीचे होते. भट्टीत सुमारे 120 अंशांवर दोन तास पक्का केलेला सिरॅमिकमिश्रित रंग महिन्याभरात उडत नसतो, आणि उडाला तर त्याला कारण असते. त्या उत्तराबद्दल मी क्षमा मागतो.

दस्त्यावरच्या फिकट डागाचे कारण मात्र वेगळे आहे. लाकूड 120 अंशांच्या भट्टीत घालता येत नाही, ते पीळ खाते आणि तडकते. त्यामुळे दस्त्याला हवेत वाळणारा रंग द्यावा लागतो, आणि तो हाताला कोरडा लागला तरी आतून पक्का व्हायला आठवडाभर लागतो. आपण दुसऱ्याच दिवशी दस्ता थिनरने पुसल्याचे स्वतःच लिहिले आहे. बंदूक ताब्यात देताना ही सूचना आम्ही तोंडी दिली होती. ती लेखी द्यायला हवी होती, आणि आता आम्ही छापील कागद देऊ लागलो आहोत.

उशिराबद्दल रजिस्टरमधल्या तारखाच सांगतो. आपली बंदूक आमच्याकडे 3 ऑक्टोबर 2024 रोजी आली. दसरा 12 ऑक्टोबरला होता. खंडेनवमीच्या पूजेसाठी साफसफाईला येणाऱ्या बंदुकांची त्या दिवसांत आमच्याकडे रांग असते, आणि आपली बंदूक त्या रांगेत अठरा दिवस नुसती पडून राहिली. त्या दिवसांत तीन आठवड्यांचा शब्द द्यायलाच नको होता. पुढे 15 ऑक्टोबरला विधानसभा निवडणुकीची आचारसंहिता लागली, पोलीस ठाण्याकडून आपल्याला बंदूक जमा करण्याची नोटीस आली, आणि 21 ऑक्टोबरला आपण ती घेऊन गेलात. निकालानंतर 29 नोव्हेंबरला आपण ती परत आणलीत आणि 20 डिसेंबरला, म्हणजे बरोबर तीन आठवड्यांत, आम्ही ती आपल्या स्वाधीन केली. अठरा दिवस आमच्या खात्यावर जरूर मांडावेत, पण जमा असलेले एकोणचाळीस दिवस आमच्या हातात नव्हते.

आता नंबराचा चौकोन. याबाबत आमची बाजू मागे घेण्याचा प्रश्न येत नाही. शस्त्र अधिनियम, 1959 च्या कलम 8 नुसार बंदुकीवर ठोकलेले नाव, नंबर किंवा अन्य ओळखचिन्ह पुसणे, काढणे वा बदलणे यास मनाई आहे. रंगाने नंबर झाकणे म्हणजे तो पुसणे नव्हे, असा युक्तिवाद आपण केला आहे आणि त्यात तथ्य असेलही. पण कॅमोफ्लाजमध्ये रंग एकावर एक चढतात. फिकट रंग आधी, त्यावर स्टेन्सिल चिकटवून मध्यम, त्यावर पुन्हा स्टेन्सिल लावून गडद, आणि शेवटी सगळी स्टेन्सिले एकदम उचलायची, अशी ही पद्धत आहे. एक थर सुमारे 25 मायक्रॉनचा धरला तरी तीन थरांत बारीक ठोकलेला जुना आकडा बुजतो, आणि 3 चा 8 वाटला तर परवान्याच्या नूतनीकरणाच्या वेळी खुलासा आपल्याला द्यावा लागेल. त्याआधी तो मला द्यावा लागेल, कारण दुरुस्तीचा परवाना माझ्या नावावर आहे. चौकोनाच्या कडा मात्र नक्षीच्या ओघात मिसळून नेता आल्या असत्या. मास्किंग टेप सरळ कापून लावण्याचा आळस आमच्या कारागिराने केला, आणि तो फोटोत दिसतो.

लष्कराच्या डिझाइनबद्दल कामाच्या पावतीवरच ‘आमच्या नमुन्यातील’ असे लिहिले होते, तरी कारण इथे देतो. भारतीय सेनेने 15 जानेवारी 2022 रोजी सेनादिनाच्या संचलनात जो नवा गणवेश प्रथम दाखवला, त्याच्या कॅमोफ्लाज नमुन्याची त्याच वर्षी सेनेच्या नावे नोंदणी झाली आहे. तो नमुना कापडावर असो वा नळीवर, आम्ही काढत नाही आणि यापुढेही काढणार नाही. आपल्या दुनळीवर जांभ्याचा तांबूस, वाळल्या गवताचा पिवळट आणि करवंदीच्या पानांचा गडद हिरवा असे तीन रंग आपण स्वतः पसंत केले होते. शेतसंरक्षणासाठी या रंगाचा उपयोग किती, असे विचाराल तर प्रामाणिक उत्तर ‘फारसा नाही’ असेच आहे. रानडुकराची नजर अधू असते, ते माणूस वासाने ओळखते. दमट हवेत पोलादाचे गंजापासून रक्षण हाच या रंगाचा खरा लाभ, आणि फोड आल्यामुळे नेमका तोच आपल्याला मिळाला नाही.

आपण लिहिले आहे की, दुसरा एक कारागीर अर्ध्या पैशांत हा रंग काढून नळ्यांना ‘काळे पाणी’, म्हणजे रसायनाने काळेपणा, करून द्यायला तयार आहे. आपण कुणाकडे जावे हे सांगण्याचा अधिकार मला नाही, परंतु तो कॉस्टिक सोड्याच्या उकळत्या द्रावणात नळ्या बुडवणार असेल, तर कृपया नकार द्या. ते द्रावण दुनळीचे सोल्डर खाते, आणि आज फोडाएवढी असलेली तक्रार उद्या पट्टी सुटण्यापर्यंत जाऊ शकते. दुनळीला काळेपणा देण्याची योग्य रीत संथ गंज चढवून तो उकळण्याची आहे. तिला बरेच दिवस लागतात, आणि ती अर्ध्या पैशांत होत नाही.

नळ्यांचे संपूर्ण काम आम्ही पुन्हा विनामूल्य करून देऊ. प्रत्येक तापवणीनंतरचे फडके आपल्याला दाखवू, आणि जोडातली फट सापडली तर रंगाआधी ती बुजवू. दस्त्याच्या डागाचेही पैसे घेणार नाही. पुन्हा काम करून घ्यायचे नसेल, तर नळ्यांच्या कामाचे 6,000 रुपये परत नेता येतील. येताना बंदूक रिकामी करून, खोळीत घालून आणावी आणि परवान्याची मूळ प्रत सोबत ठेवावी. सोमवारी दुकान बंद असते. यंदा दसऱ्याच्या आधीच्या महिन्यात रंगाचे काम आम्ही स्वीकारणार नाही, तेव्हा त्यापूर्वी आलात तर बरे होईल.

आपला,
दुकानमालक